झोपाळूची ओळ

प्रिय मुंगे,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं पाकीट हातात देताना दोनदा वर-खाली करून बघितलं आणि काय पुस्तक आलंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मैत्रिणीचं घर आलंय. खरंच, अख्खं घरच पाठवलंस की तू! वरची खोली, तिची पूर्वेची खिडकी, माझ्या गुडघ्यांना झेपतील अशा ठेंगण्या पायऱ्या, माझ्या उंचीला शोभेल असं उंचावरचं फळकूट. मावशी राहायला येणार म्हणून तुझ्या लेकीनं पडदेही पाठवले म्हणे. भिंतींना कुठला रंग द्यायचा ते मी कळवल्याशिवाय रंगारी पुढे सरकत नाहीये, आणि निवृत्तीनंतर मी तुझ्याकडे कायमची येते का, यावर तुला माझ्याकडून फक्त हो की नाही एवढंच हवंय. देणार आहे. पण ते पत्राच्या शेवटी. तू कादंबऱ्यांचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई आहेस, हे मला चांगलं ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस, माझ्यासाठी सलग वाच. घराच्या वर्णनानंतर, पाठपोट कागदाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात तू आणखी तीन ओळी लिहिल्या आहेस. त्यांच्याबद्दलही बोलायचं आहे.

परवा कपाट आवरताना आपला एक फोटो सापडला. भुईमूग संशोधन केंद्रावरच्या पहिल्या वर्षातला. तू जमिनीवर उकिडवी बसून भुईमुगाचं झाड उपटते आहेस, तोंड मातीत, आणि मी मागे एका पायावर भार टाकून मान वळवून उभी. कुणीही बघितलं तर म्हणेल, मुंगी आणि बगळा. आपल्याला ही नावं कुणी ठेवली ते आता आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला डोळे होते. तुझा सगळा जीव जमिनीखाली. शेंगा किती, भरल्या किती, पोचट किती. आणि माझा जमिनीवर. पान चिमट्यात धरायचं, ते यंत्र हवेतला किती कर्ब पानानं आत घेतला आणि किती पाणी बाहेर सोडलं ते सांगायचं, आणि तेवढा वेळ मी मान फिरवून श्वास रोखून उभी. कारण माणसाच्या एका उच्छ्वासानं आकडा बिघडतो. तू सुरुवातीला फार हसायचीस. म्हणायचीस, हिचं काम बरं आहे, बोलायचंही नाही आणि श्वासही घ्यायचा नाही, पगार मात्र घ्यायचा. पानं काय, सगळी सारखीच हिरवी. मी चिडायचे आणि तुला ऐकवायचे की शेंगेत जे जे उतरतं ते आधी पानात शिजतं, तू आयतं ताट बघणारी आहेस, मी चूल बघते. आपलं हे भांडण इतकं जुनं झालं होतं की चहावाला कप ठेवता ठेवता विचारायचा, आज पान जिंकलं का शेंग.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

कुंड्यांचं वर्ष आठवतं ना? मातीचं तोंड प्लॅस्टिकनं बांधून टाकलेलं, म्हणजे जे पाणी जाईल ते पानातूनच जाईल. रोज एकेक कुंडी काट्यावर चढवायची, घटलेलं पाणी मोजायचं, तेवढंच परत घालायचं. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की भुईमुगाच्या वाणांतही माणसांसारखेच स्वभाव असतात. कर्ब आत घ्यायचा तर पानाला आपली बारीक तोंडं उघडावी लागतात, आणि तोंड उघडलं की पाणी निसटतं. या व्यवहारात कुणी उधळ्या, भसाभसा पिऊन भराभरा वाढणारा. कुणी इतका धास्तावलेला की उन्हाची तिरीप आली की तोंड मिटून बसायचा, ना पाणी जायचं ना काही शिजायचं. तुझ्या एका संकरातून निघालेल्या दोन बहिणी मात्र एकमेकींसारख्याच दिसायच्या. फूल तेच, शेंग तीच, दाण्याची साल तीच. एकीला तू राणी म्हणायचीस, कारण ती सगळीकडे नीटनेटकी यायची. दुसरीला नाव दिलंस झोपाळू. नेहमी आपण ऊन बरंच वर आलं की मोजायला जायचो, सगळ्या जगात त्याच सुमाराला मोजतात, आणि त्या वेळी झोपाळूचं पान पेंगत असायचं. यंत्रात काहीच दिसायचं नाही. तू म्हणालीस, काढून टाकू या ही. पण मग हंगामाअखेरीस तिनं सगळ्यांत कमी पाणी पिऊन राणीइतक्याच शेंगा कशा दिल्या, ते तुलाही सांगता येईना आणि मलाही.

ते कोडं बाबांमुळे सुटलं. बाबांची बेकरी. भट्टी पेटायची ती पहाटे, आणि दुपारी गल्लीतली माणसं जागी असायची तेव्हा बाबा बाकड्यावर हात डोक्याखाली घेऊन घोरत पडलेले. नवीन भाडेकरू आले की त्यांना वाटायचं, काय आळशी माणूस आहे. त्यांच्या ताटातला पाव कुणी भाजला हे त्यांना कुठून दिसणार? सुटीत घरी गेले होते, बाबांना असं झोपलेलं बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झोपाळूला आपण भलत्या वेळी भेटतोय! परत आले ती थेट उजाडता उजाडता यंत्र घेऊन कुंड्यांपाशी. आणि मुंगे, तो आकडा! हवा गार, दमट, पाणी निसटायला कारणच नाही, आणि ही बया सगळी तोंडं उघडून झपाट्यानं काम उरकत होती. ऊन तापायच्या आत दिवसाची बेगमी करून पानं मिटून मोकळी. त्या दिवशी मी तुला अंथरुणातून ओढत आणलं. तू केस विस्कटलेली, चपला उलट्यासुलट्या घातलेल्या, आणि पहिल्यांदाच तू माझ्या यंत्राकडे नीट बघितलंस. बराच वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस की बगळे, ही तुझी आहे, मी फक्त जन्माला घातली. माझ्या आयुष्यात मला कुणी यापेक्षा मोठं काही दिलेलं नाही.

पुढच्या हंगामात तिची शेतात परीक्षा व्हायची होती. बी थोडंसंच, एका डब्यात मावेल एवढं, आणि बी सांभाळणं हे तुझं खातं, म्हणून डबा तुझ्या कपाटात. पेरणीच्या तोंडावर बाबांना झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दादा-वहिनी दूर, आई कधीचीच गेलेली, तेव्हा जायचं मलाच होतं. निघताना मी तुला एवढंच सांगितलं की बाकी काही बघू नकोस, झोपाळूची एक ओळ पेर आणि जप. तू माझी पिशवी हातात घेऊन फाटकापर्यंत आलीस. निर्धास्त जा म्हणालीस. मी खरंच निर्धास्त गेले.

बाबांजवळ काढलेले ते महिने मी तुझ्या फोनवर काढले. तू न चुकता करायचीस. आधी काकांचं विचारायचीस आणि मग ओळीचं सांगायचीस. उगवण छान झाली. पिवळी फुलं धरली. फुलांच्या आऱ्या सुटून शेंगा धरायला जमिनीत घुसायला लागल्या. मी फोन ठेवून ते सगळं बाबांना सांगायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, पण झोपाळूचं नाव काढलं की त्यांचा चांगला हात पांघरुणावर दोनदा आपटायचा, म्हणजे शाबास. तिच्यात आणि आपल्यात काही नातं आहे असं त्यांना वाटायचं, मीच तसं सांगितलं होतं. तू दोन दिवस राहून गेलीस तेव्हा तू स्वतः त्यांना भरवलंस आणि घास भरवता भरवता सांगितलंस की काका, तुमची झोपाळू अगदी तरारून आलीय. त्यांनी हात आपटला. वहिनी नंतर मला म्हणाली होती, सख्खी बहीणही इतकं करणार नाही. मलाही तेच वाटत होतं.

बाबा गेले. दिवस उरकून मी परत आले तेव्हा पीक अजून हिरवं होतं, काढणीला अवकाश होता. मी घरी सामान टाकून सकाळी फटफटायच्या आत ओळीपाशी गेले. पाटी झोपाळूची होती. पान चिमट्यात धरलं, मान वळवली. आकडा साधा. दुसरं पान, तिसरं पान, वेगळं झाड. साधा. ऊन वर आलं तरी ती मिटेना, दुपारी इतरांसारखीच पेंगली, आणि उन्हं कलली की पुन्हा थोडी उघडली, जसं झोपाळूनं कधीच केलं नव्हतं. मी यंत्र उघडून साफ केलं, हवेच्या नळ्या बदलल्या, पुन्हा मोजलं. आठवडाभर तेच. शेजारच्याच वाफ्यात राणी उभी होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, कारण शंका घ्यायला मला एकच जण दिसत होती. ती मी. मला वाटलं, कुंड्यांच्या वेळी माझंच यंत्र बिघडलं असणार. किंवा पहाटेच्या अर्धवट झोपेत मी जवळ श्वास सोडला असणार. किंवा बाबांच्या त्या बाकड्याची गोष्ट इतकी आवडली की मला हवं तेच दिसलं.

मग ती बैठक. साहेब, बाकीचे विभाग, बाहेरून आलेली मंडळी. माझा विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले की मागच्या वर्षीची माझी मोजणी चुकीची होती, झोपाळूत विशेष काही नाही, माझा दावा मी मागे घेते. साहेब चांगला माणूस, होतं असं कधी कधी म्हणाले. मागच्या रांगेत कुणीतरी पहाटेचं स्वप्न म्हणून कुजबुजलं आणि दोन-चार जण हसले. मी खाली बसले. तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतीस. टेबलाखालून तू माझा हात धरलास आणि थोपटलास. मला त्या वेळी रडू आलं ते त्या हसण्यानं नाही, तुझ्या हातानं. वाटलं, हिच्याशिवाय आपलं कोण आहे.

त्यानंतर मी नोकरी केली, काम केलं नाही. तुला ते दिसत होतं. पहाटे शेतात जाणं सोडलं. बदली मागून इकडे आले, माती-पाणी तपासणीच्या विभागात, जिथे नळीत जे उतरेल ते लिहायचं, स्वतःचं म्हणून काही ओळखायचं नाही. विद्यार्थ्यांना शिकवताना सांगायचे की पोरांनो, स्वतःच्या निरीक्षणावर फार प्रेम करू नका, मी केलं होतं. तीही माना डोलवायची. आणि इतक्या वर्षांत दुखलंखुपलं, लेकीचं लग्न, तुझ्या ह्यांचं जाणं, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळ्याला आपण एकमेकींना धरून. मी किती वेळा तुला म्हणाले असेन की त्या वर्षी मला काय झालं होतं कोण जाणे. तू दर वेळी म्हणायचीस, जाऊ दे गं, विसर. मला ते तुझं मोठेपण वाटायचं.

आता या वर्षीचं सांगते. वाण-मान्यतेच्या समितीनं परीक्षणासाठी माझ्याकडे एक भुईमूग पाठवला. नेहमीप्रमाणे नाव नाही, गाव नाही, पिशवीवर नुसता क्रमांक. पाण्याचा हिशोब बघायचा होता. इतरांनी एक वेळ मोजून भागवलं असतं, पण निवृत्तीच्या आधी एकदा, एकदाच, मला पूर्ण दिवस मोजायची लहर आली. घडीची खुर्ची घेऊन सूर्याआधी शेतात बसले. गुडघे बोंबलत होते, पण मान अजून वळते आणि श्वासही रोखता येतो. पहाट साधी. सकाळ चांगली. दुपारी पेंग. आणि उन्हं कलली तशी पानं पुन्हा थोडी उघडली. मुंगे, माझ्या हातातून चिमटा पडला. आयुष्यात हे मी एकाच ओळीत बघितलं होतं. जिनं मला तोंडघशी पाडलं ती ओळ! मला वाटलं, कुणीतरी इतकी वर्षं झोपाळू जपून ठेवली. वेडी मी, मला आनंद झाला. पुन्हा दोन दिवस मोजलं, कुंड्या लावल्या, पाणी तोललं. फार काटकसरी नाही, पण शहाणं वाण आहे. अहवाल चांगला लिहिला, कारण चांगलाच होता. तो पाठवल्यावर रिवाजाप्रमाणे समितीनं क्रमांकामागची नावं उघडली. वाणाचं नाव राणी. पैदास करणारीचं नाव तुझं.

मी तो कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर दूध उतू गेलं, ते तसंच जळत राहिलं. राणी आणि ती ओळ एकच, म्हणजे त्या वर्षी झोपाळूच्या पाटीखाली राणी उभी होती. म्हणजे माझं यंत्र ठीक होतं. माझा श्वास ठीक होता. मी ठीक होते! मग मी तुला फोन केला आणि फक्त विचारलं, झोपाळूची ओळ तू कुठल्या डब्यातून पेरली होतीस.  तू म्हणालीस, पत्र लिहिते.

आणि हे पत्र आलं. पानंच्या पानं पायऱ्या आणि पडदे, आणि तळाशी त्या तीन ओळी. पेरणीच्या गडबडीत सोलताना झोपाळूचा डबा तुझ्या हातून तेलघाण्याला जाणाऱ्या गोणीत रिकामा झाला. दाणे सारखेच, वेगळे करता येईनात, आणि बाबांची ती अवस्था बघून मला सांगायचं तुला धाडस झालं नाही. ओळ रिकामी दिसू नये म्हणून तू राणी पेरलीस, कारण पानं सगळी सारखीच असतात असं तुला वाटलं.

हे शेवटचं वाक्य वाचून मी हसले गं, खरंच हसले. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून तुला वाटत होतं की पानं सगळी सारखीच असतात. दुसरी कुणी असती तर फसवायला शेंग बदलली असती. तू पान बदललंस, आणि तेही माझ्यापुढे! आणि तरी मी फसले, कारण पानावर माझा जेवढा विश्वास होता त्याहून जास्त तुझ्यावर होता.

डबा गोणीत पडला याचा मला राग नाही, मुंगे. हात चुकतो. माझ्या हातून यंत्र पडलंय, तुझ्या हातून डबा. मला सांगितलं असतंस तर मी दोन दिवस जेवले नसते आणि तिसऱ्या दिवशी तुलाच म्हटलं असतं, चल, त्या संकराचं पुन्हा काही निघतंय का बघू. फोनवर सांगितलेली खोटी फुलंसुद्धा मी गिळली असती. बाबा जाताना खूश होऊन गेले, ते तुझ्या थापांमुळे, आणि त्याबद्दल मी तुझे आभारच मानले असते. पण बैठकीच्या दिवशी बाबा कुठे होते? त्यांना जाऊन कितीतरी दिवस झाले होते. त्या दिवशी तू कुणाला जपत होतीस? मी सगळ्यांदेखत उभी राहून माझ्या आयुष्यातली एकच खरी गोष्ट खोटी म्हणून सांगत होते आणि तू शेजारी मूग गिळून बसली होतीस. जन्म शेंगदाण्यांत काढलास आणि गिळलेस मात्र मूग. वर माझा हात थोपटलास. तो हात मला अजून जाणवतो आणि आता त्याची किळस येते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मी गेला पंधरवडाभर सकाळ-संध्याकाळ हाच विचार करते आहे की तू माझा हात थोपटत होतीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं. त्यानंतर दर वेळी, मी माझ्या डोक्याला दोष देत होते आणि तू विसर म्हणत होतीस, तेव्हा काय होतं. एकदाही जिभेवर आलं नाही? एकदाही? तू माझं बी घालवलंस ते परवडलं, मुंगे. माझे डोळे खरे आहेत हे तुला माहीत होतं आणि तू मला आंधळी म्हणून जगू दिलंस. झोपाळू आता जगात कुठेच नाही, आणि ती होती हे सांगणारी मी एकटी, तीही स्वतःच्या तोंडानं ती नव्हती असं सांगून बसलेली. मी आता समितीपुढे जाऊन काय सांगू, आणि कशाच्या जोरावर? दाखवायला एक दाणा नाही.

माझी तब्येत बरी आहे, म्हणून काळजी करू नकोस. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं तिचं मांजर माझ्याकडे सोडलंय, ते माझ्या उशीवर झोपतं. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत. रोज सकाळी लवकर जाग येते आणि मी पूर्वीसारखी शेतात जाते. तिथे माझं काही लावलेलं नाही, शेजारच्या विभागाचा भुईमूग आहे, पण त्याची पानं बघत उभी राहते. बरं वाटतं आणि मग फार राग येतो. पुन्हा मोजावंसं वाटतं, पण मोजून कुणाला दाखवू? आधी तुला दाखवायचे.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. नवीन आहेत, नम्र बोलतात. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की परीक्षण करणारी आणि वाण काढणारी या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. तसं असेल तर नियमाप्रमाणे माझा अहवाल बाद, राणीची परीक्षा पुढच्या वर्षी नव्यानं. आणि पुढच्या वर्षी तूही निवृत्त, खुर्चीवर नसशील, राणी दुसऱ्या कुणाच्या नावानं उभी राहील, किंवा राहणारही नाही. त्यांनी अगदी संकोचानं विचारलं की बाई, हे खरं आहे का. मला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर ते आजवर सगळ्यांच्या लेखी खरंच होतं, माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं, आणि तुझ्या सगळ्या आयुष्याचं काम एका शब्दात गोणीत गेलं असतं.  पण राणीनं माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि तिच्या पानात मी जे बघितलं ते खरं आहे. खरं बघितलेलं खोटं म्हणून सांगणं मी एकदा केलंय, पुन्हा करणार नाही. म्हणून मी अध्यक्षांना सांगितलं की आम्ही एके काळी एका केंद्रावर नोकरीला होतो, त्यापलीकडे त्या बाई माझ्या कुणी लागत नाहीत. ते सुटल्यासारखे हसले आणि म्हणाले, मग काही अडचण नाही, राणी मंजूर. तेव्हा रंगाऱ्याला खोळंबून ठेवू नकोस, तुला आवडेल तो रंग दे. समितीला मी आजवर खोटं सांगितलेलं नाही आणि हेही खोटं ठरू देणार नाही, म्हणून मी येत नाही.

तुझी एके काळची,
बगळी